दाबू द्यायचा नाही

"काकू, आजपासून रेझिस्टन्सचा व्यायाम. मी तुमचा हात खाली दाबणार, तुम्ही तो दाबू द्यायचा नाही," फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं.

मोडलेल्या हाताचं प्लास्टर निघून महिना झाला होता, पण नुसतं बोट टेकवलं तरी काकूंचा हात खाली जायचा. "आई, जोर लाव ना गं," शेजारच्या खुर्चीतून मुलगा लाडाने म्हणाला. मग बाईंकडे बघून हसला, "वय झालंय हो मॅडम. बाथरूममध्ये पडली तेव्हापासून हातात जीवच राहिला नाही तिच्या." बाईंनी काहीही विचारलं तरी उत्तर मुलगाच द्यायचा, काकू नुसती मान डोलवायच्या.

तेवढ्यात खालून कोणीतरी गाडी काढायला हाक मारली, आणि किल्ल्या उचलून तो बाहेर गेला.

बाईंनी पुन्हा हात दाबला. हलेना. चांगला जोर लावून दाबला, तरी तसूभर खाली जाईना. "अहो काकू, एवढी ताकद कुठे दडवून ठेवली होती?" काकू पहिल्यांदाच हसल्या.

 

दाराबाहेर किल्ल्या खुळखुळल्या, आणि बाईंनी दाबायच्या आधीच काकूंचा हात खाली गेला.