त्यांचं नाव

“नवऱ्याचं नाव काय?” मालन नर्सने विचारलं.

सखूने पदर ओढून तोंड भिंतीकडे वळवलं. सकाळी डोंगरावरच्या सड्यावरून गवताचा भारा आणताना ती पडली होती आणि तिचं डोकं कातळावर आपटलं होतं. दीर भिकाजीने तिला बैलगाडीतून रत्नागिरीच्या इस्पितळात आणलं, भावाचं नाव काशीराम म्हणून सांगितलं आणि तो गुरांसाठी परतला. काशीराम मुंबईला गिरणीत. खाटेपाशी बसायला कुणी नव्हतं.

“आठवत नाही वाटतं,” मुंबईहून नवे आलेले पारशी डॉक्टर म्हणाले.

“त्येंचा नाव कसा घेऊ, बाय?” सखू पुटपुटली.

डॉक्टर हसले. “दर अर्ध्या तासाने जागी करा. दुखलं तरी अफू द्यायची नाही. तिचं नाव, गाव विचारा. नवऱ्याचं सोडून द्या.”

मालनने सोडलं नाही. नाडी मोजायची, कानातून रक्त येतंय का पाहायचं, डोळे उघडून बघायचे आणि शेवटी हाच प्रश्न. सखू दर वेळी पदर ओढी आणि मालनचा जीव भांड्यात पडे. थोडा हेवाही वाटे. शिमग्यापुरता येणारा का होईना, लाजायला तिला माणूस होता.

दुपार कलली.

“नवऱ्याचं नाव?”

“काशीराम,” सखू धडधडीत म्हणाली. पदर जागचा हलला नाही.

मालन डॉक्टरांकडे धावली.

“बरोबर तर सांगितलं. मग घाबरता कशाला?”

“साहेब, शुद्धीवर असती तर मेली असती, पण नाव घेतलं नसतं.”

डॉक्टर उठले. सखूच्या एका डोळ्यातली बाहुली मोठी झाली होती. तिला तसंच टेबलावर घेतलं, कवटीला भोक पाडून साकळलेलं रक्त काढलं.

चौथ्या दिवशी सखूने पेज मागितली. मालनने वाटी पुढे धरून तोच प्रश्न विचारला. सखूने पदर ओढला. मालनला रडूच आलं.

“आणि तुमच्या घोवाचा नाव काय, बाय?” सखूने थट्टेने विचारलं.

बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने मालनला टाकून दुसरी केली, त्यालाही बारा वर्षं झाली होती. आता ते नाव घ्यायला कसली आडकाठी? मालनने तोंड उघडलं.

पण हात आपोआप पदराकडे गेला आणि ती भिंतीकडे वळली.