पंढरीचा कान

पंढरीने सळईवर हातोडीचा हलका ठोका दिला, डोळे मिटले आणि कान जवळ नेला.

"ही नको शेठ. आवाज बसका आहे. ते पलीकडचं बंडल घ्या."

झालं! परशुरामशेठ नुसते विरघळले. वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या बोल्टच्या कारखान्यात एशियाडच्या सालापासून सळया दगडूच निवडायचा. तुकडा कापायचा, वाइसमध्ये आवळायचा आणि घणाने दुमडायचा. तडा गेला की माल बाद. दुमडून दुमडून हाताला घट्टे पडले होते. आणि शेठच्या गावचा हा कालचा पोरगा येतो काय, टिचक्या मारतो काय, नि शेठ माना डोलावतात!

"दुमडून बघू का?" दगडूने विचारलं.

"कशाला रे उगाच? पंढरीने सांगितलं ना."

पंढरीने पसंत केलेल्या बंडलावर खडूची खूण केली. दुसरं व्यापाऱ्याला परत जायचं होतं.

दगडूचा नुसता जळफळाट झाला. कळव्याला घरी जेवतानाही तोंडात तेच. शेवटी बायको कलावती वैतागली, "अहो, घास गिळा आधी. त्या पोराला देवाने कान दिलाय, तुमचं काय गेलं?"

"माझी जागा गेली," दगडू म्हणाला.

देवाने कान दिलाय, हे त्यालाही पटलं होतं. मग आपल्याला का नाही दिला? तेच तर खुपत होतं.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी कामावर पोचला. पंढरीची खूण बाहीने पुसली आणि तशीच खूण बसक्या आवाजाच्या बंडलावर केली. तपासणीत बोल्ट तुटू देत एकदा, मग बघू कुठला कान नि कुठलं काय!

त्याच बंडलाचे बोल्ट झाले. गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर आला. दगडू मशीन पुसायचं निमित्त करून जवळच उभा राहिला. इन्स्पेक्टरने बोल्ट ताणले, वाकवले, ठोकले. एकही तुटला नाही.

"सळई कोणी निवडली हो? फर्स्ट क्लास माल आहे," तो म्हणाला.

शेठनी पेढे मागवले. पहिला पंढरीच्या तोंडात.

दगडूला काही सुधरेना. तो मागच्या शेडमध्ये गेला. पंढरीने पसंत केलेलं, खूण पुसलेलं बंडल अजून तिथेच पडलं होतं. त्याने एक तुकडा कापला, वाइसमध्ये आवळला आणि घण घातला. पहिल्याच घावाला तुकडा काडकन मोडला. दुसरा आवळला. तोही मोडला.

मागे शेठ उभे होते. हातात पेढ्यांचा पुडा.

"बघितलंस ना, पंढरीने बाद केलेला माल?" शेठ हसत म्हणाले. "आता तरी पटलं? मानपाड्याच्या नव्या कारखान्याचा मालही आता तोच निवडेल. तुझं हे दुमडणं आजपासून बंद. घे, पेढा खा."