कान धरा, गुरुजी

सरपंच यमुनाताई पिठाच्या हातांनीच धावल्या. कौलांना घासणारी फणसाची फांदी खुद्द गुरुजींनी तोडली होती!

उघड्या माळावर ही वाडी वसवताना त्यांनीच नियम घातला होता: फांदी तोडणाऱ्यानं झाडासमोर कान धरून दहा वेळा ‘चुकलो’ म्हणायचं. शाळेत असताना यमुनाताईंना ही शिक्षा अकरा वेळा झाली होती.

“गुरुजी, धरा कान.”

गुरुजींनी कोयता खाली ठेवून कान धरले. “चुकलो.”

“मोठ्यानं! झाडाला ऐकू आलं नाही.” गुरुजींचंच वाक्य त्यांना ऐकवताना ताईंना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

सहाव्या ‘चुकलो’ला म्हाताऱ्याचा आवाज कापरा झाला. ताईंना राहवेना. “बास, गुरुजी.”

“बास कसं, यमे? दहाचा नियम तू सहावर मोडलास! ये, शेजारी उभी राहा.”

सरपंचांनी बाराव्यांदा कान धरले.