हूं की चूं नाही

सुताराचं खाली दुकान, वर घर. बायको सकाळ-दुपार चहा घेऊन जिना उतरायची, पण कधी हूं की चूं नाही. “अशी गुणाची बायको शोधून सापडणार नाही,” असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचा.

लाकूड कापायच्या मशीनपुढे उभं राहून पन्नाशीतच त्याचे कान गेले होते, पण कबूल कोण करणार? शेवटी बायकोनेच हाताला धरून डॉक्टरकडे नेलं आणि कानाला यंत्र बसवून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा ठेवून परत निघाली. त्याने मशीन बंद केलं, आणि जिन्यावरून पहिल्यांदाच तिचा आवाज कानावर आला. पहिल्या पायरीवर “आई गं!” दुसरीवर “मेले हे गुडघे!” तिसरीवर “आणि साहेबांना चहा जागेवर हवा!”

दुपारी चहाच्या वेळी तोच वर येऊन बसला.

“अहो, मी आणतच होते की! खाली ते कानाचं यंत्र चालत नाही वाटतं?”

“चालतं गं,” कप पुढे ओढत तो म्हणाला, “फारच चालतं.”