गार भात

अर्धा तास झाला तरी साधं पाणीसुद्धा आलं नव्हतं.

शकुनने झोपाळलेल्या शालूला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि पुन्हा स्वयंपाकघराच्या पडद्याकडे पाहिलं. अकोला स्टेशनाजवळचं हे चिनी हॉटेल म्हणजे चार टेबलं आणि एक चूल. चालवणारा लिन रंगूनचा. जपान्यांनी शहर घेतलं तेव्हा बायकामुलं गमावून पायी निघाला, तो इथे येऊन थांबला. बाकीच्या टेबलांवर वाफाळती ताटं केव्हाच गेली होती. यांच्याकडे मात्र तो एकदाच आला, जयवंताच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला आणि काही न विचारता परत गेला.

"अवं, तुमी हाक मारा ना," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमची त्याची भाषा जुळते."

"येईल तो," जयवंता म्हणाला.

हल्ली तो एवढंच बोलायचा. दोन वर्षं तो रंगूनच्या भातगिरणीत फिटर होता. पत्रांतून तिथल्या चिनी खानावळीचं कौतुक लिहायचा. 'तुले एकदा तिथला भात चारीन' हे तर दर पत्रात. मग पत्रं थांबली. आणि भादव्यातल्या एका दुपारी अकोटच्या घरासमोर तो अनवाणी उभा होता. सासूबाईंनी, पार्बताबाईंनी, गल्लीभर साखर वाटली. तो गेल्यावर जन्मलेल्या शालूने बाप पाहिला.

पण तो जेवत नव्हता. भाकर, वांग्याची भाजी, दिवाळीचा साखरभात, सगळं ताटात तसंच राहायचं. घास उचलायचा, तोंडापाशी न्यायचा आणि खाली ठेवायचा. अंगणात पाटावर बसला की भिंतीवर कावळे येऊन बसायचे, पण त्याच्या ताटाला तेही शिवत नव्हते.

"तुह्या हाताले चवच नाही वं," पार्बताबाई सुनेला म्हणायच्या. "लेकरू वाळून चाललं माहं."

परवा तो स्वतःहून बोलला. "शकू, आता निभत नाही इथं. जातो मी."

कुठे, हे तिने विचारलं नाही. आज पहाटेच्या मोटारीने ती त्याला घेऊन अकोल्याला आली.

"काहून आलात बाई इथं?" शेजारच्या टेबलावरचे रेल्वेतले शेषराव मिशा पुसत म्हणाले. "हा चिनी मनात आलं तं वाढते, नाही तं उपाशी धाडते. माहेरचं लगन समजून बसा, पंगत उठेल तवा जेवाल!"

शकुन हसली नाही.

शेवटी पडदा हलला. लिनने तिच्यापुढे सुपाचं भांडं आदळलं. सूप कोमट होतं, भाताला खालून करपल्याचा वास होता. मग तो आत गेला आणि जयवंतासाठी एक वाडगा घेऊन आला. तो मात्र त्याने दोन्ही हातांनी, खाली पाहत, हळूच ठेवला.

वाडग्यात नुसता भात होता. वाफ नाही, मीठ नाही, वर काही नाही. मधोमध जेवायच्या दोन काड्या उभ्या खोवलेल्या.

"हे काय?" शकुनचा आवाज चढला. "थंडा भात? आमी काय भीक मांगाले आलो?"

लिन दोन पावलं मागे सरकला.

"पाहा, म्या सांगतलं नव्हतं?" शेषराव म्हणाले.

पण जयवंता जेवत होता. मान खाली घालून, शीत न् शीत वेचत. वाडगा रिकामा झाला. लिनने तसाच दुसरा आणून ठेवला, तोही गेला. शकुन स्वतःचं जेवण विसरून पाहत राहिली. त्याने हात धुतला, शालूच्या डोक्यावर ठेवला, आणि पोर प्रथमच त्याच्या हाताखाली शहारली नाही.

"बाहेर थांबतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जीव आला होता. शालूला त्याने खांद्यावर घेतलं.

शकुन पडद्याशी गेली. लिन चुलीपुढे उकिडवा बसला होता.

"असं वाढतात?" तिने विचारलं. "दुरून आलो आमी."

"गुस्सा मत करो, बहन." त्याने वर पाहिलं नाही. "मैं उसको पहचानता. रंगून में रोज मेरे पास खाता था. साथ में निकले. जंगल के रास्ते में हैजा हुआ. मैंने अपने हाथ से मिट्टी दी."

चुलीतलं लाकूड तडकलं.

"हमारे में मुर्दे को ऐसा देते हैं. ठंडा. लकड़ी खड़ी करके. गरम खाना उसको लगता नहीं." आता त्याने तिच्याकडे पाहिलं. "उसका पेट भर गया. अब बोलो, जाओ. आराम से जाएगा."

दारातून शकुनला रस्ता दिसत होता. उन्हात जयवंता शालूला खांद्यावर उडवत होता. पोर खिदळत होती.

"आणि रोज वाढलं तं?"

लिन दचकला. "रोज नहीं, बहन. रोज दोगी तो जाएगा नहीं."

तिने टेबलावरच्या रिकाम्या वाडग्यातल्या दोन काड्या उचलल्या, पुसल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई वावरात गेल्यावर तिने फक्त सणावाराला उघडायचं तांदळाचं मडकं खाली घेतलं. कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला. कोपरा फाडलेलं, मयताची खबर देणारं ते पत्र जागेवर होतं. आषाढात आलेलं, जयवंता घरी यायच्या दोन महिने आधी. घरात वाचता येणारी ती एकटीच. म्हणून ना कोणी रडलं, ना दहावा झाला, ना कावळ्याला घास ठेवला. तिने त्यावर तांदूळ सारखे केले, ओंजळभर शिजवून परातीत गार होऊ दिले, आणि काड्या नीट उभ्या खोवून अंगणाकडे हाक मारली, "अवं, या जेवाले."