दुसरा डबा

१९७६ सालच्या एका सोमवारी, सकाळी साडेदहाला, शिवप्पा बायको नागव्वासह नवी पेठेतल्या कादरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आला. मेंडोलिनला लावलेल्या, सूर टिपणाऱ्या पिकअपचा आवाज फार दबका येतो, ही त्याची जुनी तक्रार. शनिवारी भजनी मंडळाचा कार्यक्रम होता. कादरने आवाज सुधारणारे दोन प्री-ॲम्प, पायाने दाबायचे डबे, जोडून ठेवले होते.

पहिल्यावर वाजवून शिवप्पा म्हणाला, "ह्यात दमच न्हाय." दुसऱ्यावर वाजवताच त्याचा चेहरा खुलला. "हां! तार न् तार आयकू येतीया. तुला कुठला आवडला गं?"

"दुसराच," नागव्वा म्हणाली. "लई ग्वाड हाय."

शिवप्पा खुशीत सायकल काढायला गेला. कादरने हळूच विचारले, "भाभी, गोड तर पहिला होता. दुसरा कानात सुई घातल्यासारखा वाजतो."

"ठावं हाय की. गिरणीत बावीस वर्सं मागाच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. बारीक सूर आज लई दिसांनी त्येन्ला आयकू आला. मंडळी बसतील की जरा लांब."

"आणि तुम्ही?"

"मी म्होरंच बसनार. वाजवताना त्ये माज्याकडं बघत्यात."

घरी जाताना नागव्वाने औषधाच्या दुकानातून कापसाची एक पुडी घेतली. ती कशाला, हे शिवप्पाने अजून विचारलेले नाही.