वेशीवरचा वीरगळ

कोर्टाच्या कामाला साताऱ्यात आलेल्या हरिबानं दोस्ताला, आप्पासोला, ओढतच इनामदारांच्या बागेत नेलं. गुलाबाचे ताटवे बघत दोघं कारंज्यापाशी आले आणि हरिबा जागीच थांबला. शोभेसाठी तिथं एक कोरीव दगड उभा केला होता. मेंढरं पळवणाऱ्या दरोडेखोरांशी लढून मेलेल्या त्याच्या पूर्वजाचा तो वीरगळ! बहात्तरच्या दुष्काळात तो गावच्या वेशीवरून चोरीला गेला होता. इथं त्याचा शेंदूर खरवडून वर फुलांची कुंडी ठेवली होती.

"आमच्या बापजाद्याच्या डोस्क्यावर कुंडी?" हरिबानं कुंडी उचलून फरशीवर आपटली.

"गड्या, चल हितनं. मोठ्या लोकांशी कोण भांडनार?" आप्पासो त्याचा हात ओढू लागला.

"चोराचं नाव कळल्याबिगर मी हलत न्हाई!"

"कुनी फोडली रं कुंडी?" माळी ओरडत धावत आला. पण आप्पासोला बघताच त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"आवं आप्पासो, तुमी व्हय? आनी एखादा दगड आनलाय का?"